सदतीस मुलांच्या फोटोचा भव्य कार्यक्रम

२ जून २०२५, सोमवार. सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने आपली नोंद आपणच ठेवावी, लोकांचा भरवसा नाही.

सध्याचे पद : कार्यक्रम अधिकारी, प्रवरातीर कला व इतिहास संग्रहालय, नगर-मनमाड रोड. कंत्राटी, ३१ डिसेंबरपर्यंत. संकल्प : डिसेंबरच्या आत तो 'कंत्राटी' शब्द घालवणे. शिवाय पोट. पोट जुलैपर्यंत.

मे महिन्याचे प्रेक्षक चार हजार एकशे बारा. ह्यातले चार हजार शिर्डीच्या बसमधून टॉयलेटला उतरलेले. स्नेहल (नोंदणी सहायक, वय चोवीस, तोंड फटकळ) म्हणते, सर, त्यांना प्रेक्षक कसं धरायचं? मी म्हणालो, टॉयलेटकडे जाताना उजव्या हाताला वीरगळ लागतो, नजर पडतेच. ती रजिस्टर उचलून निघून गेली. पटले असावे.

७ जून, शनिवार
हेरिटेज वॉक. तीनशे पत्रके वाटली होती. आले तिघे. त्यातला एक ट्रॅक्टरचे शोरूम शोधत होता. त्याला मी अर्धा तास सोडला नाही. शेवटी म्हणाला, साहेब, सोडा, बायको गाडीत बसलीय. अभिप्राय वहीत मात्र त्याने 'छान' लिहिले. शंभर टक्के समाधानी प्रेक्षक.

११ जून, बुधवार. दुपारी ४
सोन्याचा दिवस. स्टोअरमधल्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो निघाला. चांगला हातभर लांब, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे शाईने १९४९ आणि 'मिशन बोर्डिंग' एवढेच. पोरे सदतीस. नाव एकाचेही नाही. उवा आणि खरूज झाली असणार, कारण सगळ्यांची डोकी सफाचट आणि अंगात एकाच ताग्यातले सदरे. मुलगा कोण, मुलगी कोण, काही म्हणता काही कळत नाही.

स्नेहलने फोन फिरवून शोध लावला की त्या बोर्डिंगातले एक जण अजून हयात आहेत. गिदोन उजागरे मास्तर, वय शहाऐंशी, राहुरीत मुलीकडे असतात. मी म्हणालो, बोलवा. शोध माझाच धरावा लागेल, आदेश माझा होता.

१६ जून, सोमवार
मास्तर आले. कोट, टाय, हातात भिंग. सोबत मुलगी मरियाताई, रिटायर्ड नर्स. मास्तर फोटोवर वाकले आणि पाच मिनिटे हललेच नाहीत. मग म्हणाले, आम्ही जेवायला ज्या पंगतीने बसायचो त्याच पंगतीने उभं केलंय, सगळे सापडतात. बोट ठेवून पहिले नाव घेणार, तेवढ्यात मी भिंग काढून घेतले.

माझे डोके अशा वेळी भन्नाट चालते. ही सदतीस नावे अशी सोमवारी दुपारी स्टोअरमध्ये चार माणसांपुढे उधळायची? भव्य कार्यक्रम! स्टेजवर मास्तर, शेजारी फोटो, एकेक नाव, एकेक टाळी. प्रमुख पाहुणे. प्रेस. मी मास्तरांकडून शब्द मागितला, की स्टेजवर चढेपर्यंत एकही नाव कुणाला सांगायचे नाही. मास्तर म्हणाले, ह्यात कोल्हारच्या राहीबाईची आई आहे, राहीला तरी सांगू द्या. तिचं जरा वेगळं आहे, समोर बसवून सांगावं लागेल. मी म्हणालो, मग सस्पेन्स काय राहिला? मास्तरांनी डोळे मिटले, बहुतेक प्रार्थना केली, आणि शब्द दिला. जुनी माणसे. शब्द दिला की विषय संपला.

स्नेहल म्हणाली, सर, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवते, दहा मिनिटांचं काम आहे. वय झालंय त्यांचं. मी म्हणालो, दहा मिनिटांत होते ते काम. आपण कार्यक्रम करतो. वाक्य झकास झाले, लगेच लिहून ठेवले.

फोटो कपाटात. चावी माझ्या खिशात.

१९ जून, गुरुवार
ती राहीबाई आली. सत्तरीला टेकलेली, हातात कापडी पिशवी. कोल्हारहून जीपमध्ये कोंबून आली म्हणे. हकिगत अशी. आई सुभद्रा, पोरकी म्हणून लहानपणी बोर्डिंगात होती. पुढे चुलत्याने परत नेली, लग्न लावले, आणि राही आठ दिवसांची असताना ती वारली. फोटो एकही नाही. म्हणाली, साहेब, मला माझी आय कशी दिसती त्येच म्हाईत न्हाई. मास्तर म्हनत्यात फोटोत हाय, पर कुठली ते सांगत न्हाईत, तुमाला शबूद दिलाय म्हनत्यात. तुमी नुसता फोटो दाखवा, मी वळखीन.

काय माणूस आहे! किती नैसर्गिक बोलते! ह्या बाईला पहिल्या रांगेत बसवायचे. ऐन स्टेजवर आई सापडते, बाई रडते, कॅमेरे. माझ्याही डोळ्यांत पाणी आले. मी तिचा हात हातात घेऊन सांगितले, आजी, एक महिना थांबा, तुमच्या आईला वाजतगाजत भेटवतो. ती म्हणाली, वाजंत्री कशाला, पाच मिन्टं पुरं. ग्रामीण भागात इव्हेंटची जाण कमी. हळूहळू तयार करावी लागेल.

फोटो दाखवला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ जुलै, गुरुवार
ट्रस्टचे अध्यक्ष कारभारी अण्णा. त्यांना योजना ऐकवली. अण्णांनी पूर्ण ऐकली, मध्ये फक्त दोन फोन घेतले. म्हणाले, सहादेवराव, पाहुणे वजनदार पाहिजेत. मुंबईहून एक मोठे पाहुणे ते आणणार. २० जुलै ठरली. माझ्या कायमपणाविषयी सूचक बोललो. अण्णा म्हणाले, बघू. हे 'बघू' नेहमीच्या 'बघू'पेक्षा बरे होते.

पोट : जैसे थे. ताण आहे.

२० जुलै, रविवार
पाहुण्यांना वेळ नाही. कार्यक्रम १० ऑगस्टला ढकलला. सगळ्यांना व्हॉट्सॲप केले. राहीबाईकडे व्हॉट्सॲप नाही हे मला कोणी सांगितले नाही. ती सकाळी नऊलाच येऊन पायरीवर बसली. नवं लुगडं, डोक्याला तेल. स्नेहलने येऊन सांगितले की सर, निदान आता आलीच आहे तर मास्तरांना फोन लावू. मी नको म्हणालो. अपवाद केला की सगळेच अपवाद मागतात. बाई दुपारी भाकरी खाऊन चारला गेली. सात तास! इतका वेळ आजवर कोणीही संग्रहालयात थांबलेले नाही. रेकॉर्ड म्हणून नोंदवले.

१० ऑगस्ट, रविवार
अण्णांच्या भाचीचा साखरपुडा. कार्यक्रमाची नवी तारीख १४ सप्टेंबर. ह्या वेळी राहीबाईला आठवणीने कळवले. म्हणजे स्नेहलला कळवायला सांगितले. ती विसरली असे मी म्हणतो, मी सांगितलेच नाही असे ती म्हणते. बाई आली होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार
मरियाताईंचा फोन. पप्पांना दम लागतो, कार्यक्रम लवकर घ्या. मी धीर दिला. म्हणालो, मास्तर आमचे शंभरी गाठणार. त्या नर्स होत्या, त्यांना जास्त कळते अशी त्यांची समजूत आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. रात्री ९
विजय! विजय! खुर्च्या दोनशे, माणसे एकशे नव्वद (शिर्डीच्या दोन बस धरून. चहा आहे म्हटल्यावर बसले बिचारे).

क्रमाने लिहितो. पाहुणे सव्वा तास उशिरा. दीपप्रज्वलन, वारा होता, वात चार वेळा विझली. स्वागतगीत. प्रास्ताविक माझे, फक्त पस्तीस मिनिटे. मग सत्कार. सुरुवातीला नऊ होते, अण्णांनी आयत्या वेळी चिठ्ठ्या पाठवल्या आणि तेवीस झाले. शाली कमी पडल्या, म्हणून मागच्या दाराने परत आणून पुन्हा त्याच घातल्या. कोणाला कळले नाही. मग पाहुण्यांचे भाषण, त्यात त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणी. मास्तरांचा नंबर लागला तेव्हा पावणेदोन.

मास्तर उभे राहिले. मरियाताईंनी धरले होते. आधी त्यांनी देवाचे उपकार मानले. मग बोर्डिंगात ज्वारीच्या कण्या शिजवणाऱ्या छबूबाई नावाच्या बाईची आठवण काढली, की तिने आम्हाला जगवलं. रडले. चार मिनिटे गेली आणि नाव एकच, तेही फोटोत नसलेल्या बाईचे! अण्णांनी मला घड्याळ दाखवले. जेवण निवत होते. मी चिठ्ठी पुढे केली : वेळ संपली. मास्तरांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितले, आणि बसले. शिस्त म्हणजे काय, ती ह्या पिढीकडून शिकावी. लगेच आभार, लगेच राष्ट्रगीत.

राहीबाई फोटोकडे यायला निघाली होती, पण मान्यवर ग्रुप फोटोसाठी तिथेच उभे राहिले, मध्ये जागा नव्हती. तिने पेढे आणले होते. सगळ्यांना वाटायला म्हणून. व्हीआयपी कक्षात कामाला आले.

२ ऑक्टोबर, गुरुवार
फोटो आता गॅलरीत लावला आहे, काचेत. खाली माझे नाव (संकल्पना). राहीबाई दर गुरुवारी येते. फोटोसमोर उभी राहते आणि एकेक तोंड बघते. सगळ्यांची टक्कले सारखी. आज एका बसवाल्याला विचारत होती, ह्यातलं कुनाचं नाक माझ्यासारखं हाय का, बघा बरं. तो घाईत होता.

मला तिने हात जोडले, म्हणाली, मास्तरांना शबुदातून सोडवा. ते म्हनत्यात स्टेजवरच सांगीन असं बोललोय, आता साहेबांनी मोकळं केल्याबिगर तोंड उघडनार न्हाई. म्हातारा रडतो माझ्याम्होरं. मी तिला फेज टू समजावून सांगितली. फेज टू म्हणजे ह्याहून मोठे स्टेज.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
मास्तर मोरीत घसरले. खुब्याचे हाड. नगरला ॲडमिट. मरियाताईंचा फोन, आवाज चढलेला. पप्पा म्हणतात साहेबांना विचार, मला मोकळं करतात का. एक शब्द बोला, मी स्पीकरवर टाकते. मी म्हणालो, कळवतो. एकदम 'हो' म्हटले तर पुढच्या कार्यक्रमात राहिले काय? अण्णांना विचारायला हवे. अण्णा कोपरगावला आहेत, दिवाळीनंतर येतील.

स्नेहल आज माझ्याशी बोलली नाही. कामाचा वेग वाढला.

३० ऑक्टोबर, गुरुवार
मास्तर गेले. पहाटे पाच वाजता.

वाईट वाटले. मनापासून वाटले. अण्णांना विचारायची तारीख उद्याचीच होती, हे मास्तरांना माहीत असते तर थांबले असते. नशीब, दुसरे काय.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला. मास्तरांचा फोटो डावीकडे, अण्णांचा उजवीकडे, माझा खाली. माणसे भरपूर आली. ह्या वर्षातला सर्वात यशस्वी कार्यक्रम म्हणावा लागेल, आणि पत्रकाचा खर्च शून्य. राहीबाई आली होती, एका कोपऱ्यात. मरियाताईंच्या गळ्यात पडून रडली. स्वतःच्या बापासाठी रडावे तशी. मला वाटले, माझ्याशीही बोलेल. बोलली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३
अजून खुर्चीत बसवत नाही. आनंदाने.

बालदिन. 'फोटोतली मुले' हा विशेष कार्यक्रम, दोन शाळा, तीन पत्रकार. मुलांनी गोंधळ घातला, वीरगळावर चढली. अण्णा वैतागले, म्हणाले, सहादेवराव, ह्यात बातमी कुठंय? तेवढ्यात त्यांना फोटोसमोर राहीबाई दिसली (गुरुवारी जीप मिळाली नव्हती, म्हणून आज आलेली). अण्णा मोठ्याने म्हणाले, आजीबाई, मग तुमची आई कुठली? पत्रकार वळले. बाईने माझ्याकडे बघितले.

सगळेच माझ्याकडे बघत होते. नेतृत्व म्हणजे हेच, निर्णय घेणे. मी पुढे झालो आणि बोट ठेवले. खालची रांग, डावीकडून तिसरे. का तेच, सांगता येणार नाही. आतून आले. तज्ज्ञाचा एक अंदाज असतो. शिवाय नाक जुळत होते. सदतीसातल्या निदान वीस जणांचे जुळते, पण ह्याचे जास्त.

राहीबाई किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, व्हय की. माझंच नाक. आगं आय, केवढीशी गं तू. आणि तिथेच खाली बसली. एक पत्रकारीण रडली. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग बाई उठली आणि माझ्या पाया पडली. मी तिला उचलले. फोटो चांगला आला आहे.

खोटे बोललो का? छे. मी एक अक्षरही बोललो नाही. बोट ठेवले फक्त.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बातमी! 'शहात्तर वर्षांपूर्वीच्या फोटोत लेकीला भेटली आई'. माझे नाव दोनदा, एकदा बरोबर. अण्णांचा फोन : जानेवारीपासून तुमचं पर्मनंटचं घेतो मीटिंगला. ह्या वेळी 'बघू' नाही! बायकोने खीर केली. दोन वाट्या. पोटाचे जानेवारीपासून.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.२०
मरियाताईंचे कुरिअर. सोबत चिठ्ठी : पप्पांच्या बायबलच्या कव्हरमध्ये हे पाकीट सापडलं. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस नावांची यादी लिहीत होते. वर तुमचं नाव आहे, म्हणून मी उघडलं नाही, त्यांचा शब्द होता.

आत मास्तरांचे अक्षर. थरथरते पण वळणदार. 'फोटोतील मुले, खालची रांग, डावीकडून. एक : एलिया. दोन : सखू. तीन : मी स्वतः, गिदोन.'

तीन.

११.४५. पाणी प्यालो.

१२.१०. शांतपणे विचार केला. पुढचे वाचलेले नाही आणि वाचणारही नाही. जे वाचलेच नाही ते लपवले असे म्हणता येत नाही. शिवाय ही यादी एका आजारी माणसाने, औषधाच्या गुंगीत, फोटो समोर नसताना केलेली. शास्त्रीय मूल्य काय? आणि समजा सांगितले, तर त्या बाईचे काय होईल? आत्ता कुठे आई मिळाली आहे. मी तिची आई हिरावून घेऊ? इतका मी निर्दय नाही.

४.००. यादी सत्यता पडताळणी समितीकडे सोपवली. समिती आजच स्थापन केली. अध्यक्ष मी, सदस्य मी. पहिली बैठक फेब्रुवारीत. पाकीट माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, कुलपात.

५ डिसेंबर, शुक्रवार
राहीबाईचा मुलगा कानिफनाथ आला. टेम्पो चालवतो, अंगाने हा असा. आई शेताच्या बांधाला आजीच्या आठवणीचा ओटा बांधतेय, संगमरवरी दगडावर तोंड कोरून घ्यायचंय, तेवढा फोटो मोठा करून द्या, म्हणाला.

नाही म्हणायला कारण सुचेना. स्टुडिओवाल्याकडून चेहरा कापून घेतला. खांद्यावर मागच्या कुणाचा तरी हात आला होता, चार बोटे. म्हणालो, पुसून टाका, कुणाचा म्हणून लोक विचारतील. पुसल्यावर चेहरा सुबक आला. कानिफनाथ म्हणाला, साहेब, एकवीस तारखेला ओट्याची पूजा हाय. आय म्हनती परमुख पाहुने तुमीच.

प्रमुख पाहुणे! मी! आजवर एकशे चाळीस जणांना हार घातले असतील, मला कुणी घातला नव्हता. मनात आले, नाही म्हणावे. मग मनात आले, एका गरीब बाईचे मन कसे मोडायचे? भाषण लिहायला घेतले आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार
भाषण वीस मिनिटांवर आणले. 'मातृत्व आणि संग्रहालय'. स्नेहलने राजीनामा दिला. कारण विचारले तर म्हणाली, पुण्याला दुसरं काम मिळालंय. नवी पिढी, चिकाटी नाही.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७
लिहून टाकतो. लिहिले की बरे वाटते असे म्हणतात.

कोल्हारला दहाला पोचलो. टेम्पो पाठवला होता. फेटा बांधला, हार घातला. हार खरा, शेवंतीचा. ओटा देखणा, शेणाने सारवलेले अंगण, शंभरेक माणसे, जिलबीचा घाणा निघत होता. दगडावर ते तोंड. खाली 'कै. सुभद्राबाई'. राहीबाईने दगडाला हळदकुंकू लावले, गाल धरून स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली, लेकराची दृष्ट काढावी तशी. म्हणाली, आठ दिसाची टाकून गेलीस, आता कुठं जाती बघते. बायका डोळे पुसत होत्या. मी भाषण सुरू केले. बारा मिनिटे झाली असतील.

मरियाताई उशिरा आल्या, राहुरीहून एसटीने. मास्तर आईच्या बोर्डिंगातले, म्हणजे मामाच्या ठिकाणी, म्हणून राहीबाईने त्यांना साडी घेऊन ठेवली होती. त्या थेट ओट्यापाशी आल्या, हात जोडले, मग चष्मा लावला. मी बोलत राहिलो. बोलणे थांबवणे बरे दिसले नसते.

त्या राहीबाईला हळूच म्हणाल्या, राहीताई, हे तर पप्पा.

राहीबाई हसली, म्हणाली, आगं न्हाई, माझी आय. सायबांनी दाखवली. मरियाताईंनी पर्समधून मास्तरांचा शाळकरी वयातला जुना फोटो काढला. तेच टक्कल, तेच नाक, डाव्या भुवईवर तीच खोक. राहीबाईने तो फोटो दगडाशेजारी धरला. मग माझ्याकडे बघितले. मी भाषणाचे पान उलटत होतो.

मरियाताई म्हणाल्या, मी पप्पांच्या यादीचं पाकीट पाठवलं होतं तुम्हाला. ते कुठंय? मी म्हणालो, पडताळणी समितीकडे. कानिफनाथ म्हणाला, समितीत कोन कोन हाय? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, चला मग, समितीला घिऊन जाऊ.

जिलबीची प्लेट कुणी तरी माझ्या हातातून काढून घेतली. टेम्पोत येताना पुढे बसलो होतो, जाताना मागे बसवले. फेटा वाऱ्याने सुटला. पुढे कानिफनाथ, राहीबाई आणि मरियाताई.

खण उघडला. मरियाताईंनी गॅलरीत फोटोसमोर उभे राहून यादी वाचली, मोठ्याने. पहिली रांग संपली, मग दुसरी. 'माझ्या मागे उभी ती सुभद्रा. फोटोवाला हलू नका म्हणाला तेव्हा तिने मान फिरवली, त्यामुळे तोंड पुसट आलं आहे, दिसत नाही. हे राहीला कागदावरून कळू नये, समोर बसवून सांगावं. मला त्या दिवशी ताप होता. मी पडू नये म्हणून तिने मला धरलं होतं. माझ्या खांद्यावर हात आहे, तो तिचा. हात अगदी स्पष्ट आला आहे. राहीला तो दाखवावा.'

मरियाताईंनी कागद मिटला.

राहीबाईने विचारले, दगडावर हात का न्हाई आला? कानिफनाथ म्हणाला, सायबांनी पुसाया लावला. मला वाटले, आता हा मारणार. मारले असते तर बरे झाले असते, मी पोलिसात गेलो असतो, माझी बाजू मांडली असती. त्याने फक्त मान खाली घातली. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. काही विचारले असते तर माझ्याकडे उत्तरे तयार होती. प्रक्रिया, तारखा, सगळे लेखी आहे.

राहीबाई काचेच्या अगदी जवळ गेली. पुसट तोंडाकडे तिने बघितलेही नाही. त्या चार बोटांवर तिने आपली बोटे ठेवली, एकेक करून, आणि तशीच उभी राहिली.

माझ्या तोंडून सवयीने गेले, आजी, काचेला हात लावायचा नाही.

तिने हात काढला.